स्पेनची साठ वर्षे आणि सूझाचा क्रूस

मुळगावची केळबाय, शिरगावची लईराई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई आणि म्हापशाची मिलाग्र सायबीण या सख्ख्या बहिणी, असे गोव्यात डिचोली-पेडण्यापासून बारदेशापर्यंत सगळे मानतात. शिरगावच्या जत्रेला म्हापशाच्या इगर्जीतून, म्हणजे चर्चमधून, तेल येते, सायबिणीच्या फेस्ताला शिरगावहून फुले जातात. मुळगावातून अस्नोड्याची नदी ओलांडली की बारदेश लागतो. माणसांनी नाते जपले, पण नदीच्या दोन्ही काठांचा इतिहास मात्र वेगळा झाला. बारदेश १५४३ पासून पोर्तुगिजांकडे होता. डिचोली त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे आदिलशाही, मराठे आणि सावंतवाडीकर भोसले यांच्या हातून फिरत राहिली आणि पोर्तुगिजांच्या नव्या काबिजादीत सामील झाली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे नदीअलीकडच्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यात कोरलेली काव उरली आणि पलीकडच्या इगर्जींत काटेरी मुकुटाचा, रक्त गळणारा ख्रिस्त.

या पलीकडच्या काठावर, बारदेशातल्या साळगावात, १२ एप्रिल १९२४ रोजी चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा जन्मला. सूझाविषयी लिहिताना 'स्पॅनिश चित्रकारांचा प्रभाव' हे शब्द हटकून येतात आणि पाठोपाठ एल ग्रेको, गोया, पिकासो ही नावे. नावांबद्दल वाद नाही. पण प्रभाव म्हणजे हवेतून येणारी साथ नव्हे. चित्र डोळ्यांपुढे यावे लागते, त्याला वाट लागते, साल लागते. मग गोव्याच्या या माणसापर्यंत स्पेन कोणत्या वाटेने आला?

एक उत्तर पटकन सुचते. १५८० ते १६४० ही साठ वर्षे स्पेनचा राजा हाच पोर्तुगालचाही राजा होता, म्हणजे गोव्याचाही. स्पॅनिश चित्रकलेचे सुवर्णयुग याच काळातले. तेव्हा बीज त्याच वेळी पडले असणार, असे म्हणण्याचा मोह होतो. कागदपत्रे या मोहाच्या बाजूने नाहीत.

राजा आला, चित्रकार आले नाहीत

आधी तारखा शेजारी शेजारी मांडू. दुसऱ्या फिलिपने १५८० साली पोर्तुगालचा मुकुट घेतला. त्याच वर्षी त्याच्या एस्कोरियलच्या प्रार्थनालयासाठी एल ग्रेकोला संत मॉरिसच्या हौतात्म्याचे चित्र सांगितले गेले. १५८२ मध्ये ते पोचले, पैसे चुकते झाले, पण राजाला ते रुचले नाही. वेदीवर दुसऱ्या चित्रकाराचे चित्र बसवले गेले. एल ग्रेकोला नापसंत करणारा राजा तेव्हा गोव्याचा धनी होता. त्यानंतर एल ग्रेको टोलेडोलाच राहिला आणि १५८६ ते १५८८ या काळात सांतो तोमे इगर्जीसाठी त्याने 'ऑर्गाझच्या काउंटचे दफन' रंगवले. त्याचा करारही उपलब्ध आहे. चित्राच्या खालच्या भागात कोण असावे आणि काय घडताना दिसावे हे त्यात लिहून दिलेले आहे. पुढे किमतीवरून इगर्ज आणि चित्रकार यांच्यात तंटा झाला आणि अखेर १२०० डुकाटांवर तोड निघाली.

गोव्यात याच काळात काय चालले होते? बॉं जेझू इगर्जीचे बांधकाम १५९४ ला सुरू होऊन १६०५ मध्ये तिचे अभिमंत्रण झाले. मांडवीकाठी व्हाइसरॉयची कमान १५९९ ला उभी राहिली. सांता मोनिकाचा मठ १६०६ चा. पणजी-रायबंदरचा लांब पूल व्हाइसरॉय लिन्हारेसच्या काळातला, १६३३-३४ चा. म्हणजे जुन्या गोव्याचे जे वैभव आज पाहायला जातो, त्यातले बरेचसे स्पॅनिश राजांच्या कारकिर्दीत उभे राहिले.

तरीही माद्रिद किंवा सेव्हिलच्या चित्रशाळा गोव्याकडे वळल्या नाहीत. त्याचे कारण कायद्यात आणि जहाजांच्या वाटेत आहे. १५८१ मध्ये तोमार येथे भरलेल्या सभेपुढे फिलिपने पोर्तुगीज सरदारांना वचने दिली: पोर्तुगालची आणि तिच्या समुद्रापारच्या मुलखाची पदे पोर्तुगिजांनाच मिळतील, भारताचा व्यापारही त्यांच्याच हाती राहील. राजा एक झाला, पण दोन दफ्तरे वेगळी राहिली. स्पेनचा अमेरिकेशी होणारा सगळा व्यवहार सेव्हिल बंदरातून चाले, गोव्याचा लिस्बनमधून. सेव्हिलच्या चित्रकारांनी समुद्रापार चित्रे पाठवलीच नाहीत असे मुळीच नाही. फ्रान्सिस्को दे झुर्बारानच्या चित्रशाळेतून १६४० च्या दशकात लिमा आणि बुएनोस आयरेसला चित्रांचे गठ्ठे गेले. ती जहाजे पश्चिमेला जाणारी होती. पेरूच्या मठात झुर्बारान पोचला, सांता मोनिकात पोचला नाही, याचे कारण अभिरुचीपेक्षा बंदरात शोधावे लागते.

मग गोव्यात रंगवत कोण होते? इथे दोन कागद बोलके आहेत. पहिला गास्पार कोरेयाच्या 'लेंदाश द इंदिया' या बखरीतला. १५४७ मध्ये राज्यपाल जुआंव द काश्त्रूने आपल्या आधीच्या सगळ्या राज्यपालांची चित्रे करून घ्यायची ठरवली. कोरेयाला रेखाटनाचा हात होता आणि त्याने त्या माणसांना पाहिलेले होते, म्हणून काम त्याच्याकडे आले. कोरेया स्वतःच लिहितो की, ही चित्रे त्याने इथल्याच एका चित्रकाराच्या मदतीने पुरी केली आणि त्या माणसाच्या अंगी उपजत कसब होते. नाव मात्र त्याने दिले नाही. व्हाइसरॉयांच्या चित्रांची ती मालिका पुढे वाढत गेली आणि आज ती जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. स्पॅनिश राजांनी नेमलेले व्हाइसरॉयही तिथेच उभे आहेत.

दुसरा कागद १५६७ च्या पहिल्या गोवा धर्मप्रांतीय परिषदेचा. ख्रिस्ती माणसांनी मूर्ती, चित्रे, वेदीच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करून घेऊ नयेत, असे तिने बजावले. जी गोष्ट सर्रास चालते तिच्यावरच बंदी घालावी लागते. म्हणजे १५६७ मध्ये गोव्यातले सायब आणि सायबिणी हिंदू कारागिरांच्या हातून घडत होत्या, हे त्या बंदीनेच आपल्यासाठी नोंदवून ठेवले. त्यांच्यापुढे नमुने होते ते लिस्बनहून आलेल्या मूर्तींचे आणि फ्लँडर्सच्या छापील चित्रांचे.

साठ वर्षांच्या राज्याचा हिशेब असा आहे. राजा आला, शिक्के आले, कमान आली. चित्रकार आले नाहीत.

एकाच ठरावाची दोन लेकरे

तरी जुन्या गोव्यातला ख्रिस्त आणि सेव्हिलचा ख्रिस्त एकमेकांसारखे दिसतात, हे कोणाच्याही लक्षात येते. हे साम्य खरे आहे, फक्त त्याचे मूळ राजवाड्यात नाही.

डिसेंबर १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने आपल्या शेवटच्या बैठकीत प्रतिमांविषयीचा ठराव केला. प्रतिमा भाविकाला शिकवणारी, हलवून सोडणारी असावी, तिच्यात चुकीचे किंवा चाळवणारे काही असू नये, असा त्याचा मथितार्थ. गोव्याची १५६७ ची परिषद हे ट्रेंटचे ठराव इथे लागू करण्यासाठीच भरली होती. स्पेनमध्येही तेच ठराव लागू झाले. एकच हुकूम दोन टोकांना पोचला आणि दोन्हीकडच्या कारागिरांनी तो आपापल्या परीने लाकडात आणि रंगात उतरवला.

सेव्हिलचे उदाहरण जवळून पाहू. १६०३ मध्ये मातेओ वास्केस दे लेका या धर्माधिकाऱ्याने शिल्पकार हुआन मार्तिनेस मोंतान्येस याच्याशी क्रुसावरच्या ख्रिस्तासाठी करार केला. करारातली अट अशी: ख्रिस्त जिवंत असावा, प्राण जाण्याच्या आधीच्या क्षणातला असावा, त्याचे डोके उजवीकडे झुकलेले असावे आणि पायाशी प्रार्थना करणाऱ्याकडे त्याने असे पाहावे की, तुझ्यासाठीच हे सोसतो आहे असे तो बोलतो आहे असे वाटावे. तो लाकडी ख्रिस्त आज 'क्षमेचा ख्रिस्त' या नावाने सेव्हिलच्या कॅथेड्रलमध्ये आहे. त्याच्या अंगावरचे रंग फ्रान्सिस्को पाचेकोने चढवले, आणि पाचेको हा दिएगो वेलाझ्क्वेझचा गुरू, पुढे सासरा. ख्रिस्ताला तीन खिळे की चार, यावरही पाचेकोने विचार करून ठेवला होता. त्याचे मत चार खिळ्यांचे. वेलाझ्क्वेझने १६३२ च्या सुमारास रंगवलेल्या क्रुसावरच्या ख्रिस्ताला चारच खिळे आहेत.

आता गोवा. सांता मोनिकाच्या मठात ८ फेब्रुवारी १६३६ रोजी क्रुसावरच्या ख्रिस्ताने डोळे उघडले आणि काटेरी मुकुटाखालून रक्त वाहिले, अशी नोंद आहे. तो 'चमत्कारी क्रूस' अजूनही भाविकांच्या ओळखीचा आहे. चमत्कार मानावा की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न. इतिहासाला एवढे पुरेसे आहे की, सेव्हिलच्या करारात ज्या नजरेची मागणी लिहून दिली होती, तीच नजर तीन दशकांनंतर गोव्याच्या भाविकांनी आपल्या ख्रिस्तात पाहिली. मध्ये एकही स्पॅनिश चित्रकार गोव्याला यावा लागला नाही.

धर्माच्या याच वाटेने स्पेनहून आलेली एक व्यक्ती मात्र गोव्यात कायमची राहिली. फ्रान्सिस झेवियर नावारेचा, हावियेरच्या गढीत १५०६ मध्ये जन्मलेला. ६ मे १५४२ रोजी तो गोव्यात उतरला, ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला आणि १२ मार्च १६२२ रोजी संत ठरला. त्याच दिवशी इग्नेशियस लोयोला आणि आव्हिलाची तेरेसा यांनाही संतपद मिळाले. गोव्याच्या सोनारांनी १६३६-३७ मध्ये त्याच्यासाठी चांदीची पेटी घडवली आणि तिच्यावर त्याच्या आयुष्यातले प्रसंग उठवले. स्पेनमध्ये मुरिल्योने १६७० च्या सुमारास त्याला रंगवले. छातीवरचा झगा बाजूला सारून आकाशाकडे पाहणारा हा संत आज अमेरिकेत हार्टफर्डच्या संग्रहालयात आहे. एकाच संताची चांदीतली गोवेकरी आवृत्ती आणि तेलरंगातली सेव्हिलची आवृत्ती, अशी ही दोन भावंडे एकमेकांना कधी भेटली नाहीत.

सूझाच्या नावातला फ्रान्सिस हा हाच गोंयचो सायब. सूझा जन्मला तेव्हा त्याचे नाव न्यूटन. वडील त्याच्या जन्मानंतर लगेच वारले, थोरली बहीणही लवकर गेली. मग त्याला देवी आल्या. मुलगा वाचला तर त्याला पाद्री करीन, असा नवस आईने सायबापाशी बोलला. मुलगा वाचला, पाद्री झाला नाही, पण नावापुढे फ्रान्सिस लागले. १९५९ मध्ये लंडनच्या व्हिलियर्स प्रकाशनाने काढलेल्या 'वर्ड्स अँड लाइन्स' या त्याच्या पुस्तकात बालपणीच्या आठवणी आहेत. इगर्जीची भव्यता, पाद्रींचे जरतारी झगे, आजीने सांगितलेल्या संतांच्या छळाच्या गोष्टी आणि भल्यामोठ्या क्रुसावर खिळलेला, फटके खाल्लेला, केस काट्यांत गुंतलेला ख्रिस्त. हा त्याचा स्वतःचा जबाब आहे. तो तीस-पस्तीस वर्षांनी दिलेला आहे, लंडनच्या वाचकांसाठी लिहिलेला आहे, म्हणून त्यात थोडा आवाज चढलेला आहे हे धरून चालावे. पण साळगावची इगर्जच त्याच्या बाजूने साक्ष देते. १८७३ मध्ये पुरी झालेल्या या गॉथिक धाटणीच्या इगर्जीत पूजली जाणारी देवमातेची मूर्ती जुन्या गोव्यातल्या दावजीच्या पडक्या मठातून आलेली आहे. साळगावचे पोर ज्या प्रतिमांपुढे गुडघे टेकत होते, त्यांची परंपरा थेट ट्रेंटनंतरच्या गोव्यापर्यंत जाते.

मुंबई: छापील युरोप

दुसरी वाट मुंबईतून जाते. आई तिथे शिवणकाम करून घर चालवत होती. सूझा जेझुइटांच्या सेंट झेवियर्स शाळेत शिकला आणि तिथून काढला गेला. १९४० मध्ये तो सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला, १९४५ मध्ये तिथूनही काढला गेला. १९४७ मध्ये आरा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे या कलावंतांसह त्याने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. त्या काळच्या मुंबईत नाझींच्या छळातून सुटून आलेली तीन माणसे या पोरांच्या पाठीशी होती: चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. लँगहॅमरच्या घरी युरोपीय चित्रांच्या छापील प्रती पाहायला आणि त्यांच्यावर वाद घालायला मिळत. मुंबईच्या चित्रकारांचा पिकासो हा आधी कागदावरचा पिकासो होता.

याच वेळी दुसरे काही घडत होते. १९४८ मध्ये दिल्लीत भारतीय शिल्पांचे मोठे प्रदर्शन भरले. सूझा आणि हुसेन ते पाहायला गेले. मथुरेची लाल दगडातली स्त्री, मंदिरशिल्पांचे भरदार अवयव, हे सगळे सूझाच्या नग्नचित्रांत उतरले. १९४९ च्या ग्रुपच्या प्रदर्शनपत्रिकेत त्याने लिहिलेली प्रस्तावना आहे. आशय आणि तंत्र दोन्हींत पूर्ण मोकळीक, बंधन फक्त रचनेच्या मूळ नियमांचे, असा तिचा सूर. एखाद्या देशाच्या चित्रकारांचे शिष्यत्व पत्करल्याचा सूर तिच्यात कुठेही नाही. मुंबई सोडताना सूझा स्पॅनिश चित्रकलेचा अनुयायी नव्हता. तो क्रूस पाहत वाढलेला, मथुरा पाहिलेला आणि पिकासोच्या छापील प्रती चाळलेला पंचवीस वर्षांचा माणूस होता.

लंडन: मूळ चित्रांसमोर

१९४९ मध्ये सूझा लंडनला गेला. इथून पुढे पुरावा घट्ट होतो, कारण लंडनमध्ये काय टांगलेले होते हे नक्की माहीत आहे. नॅशनल गॅलरीत झुर्बारानचा ध्यानस्थ संत फ्रान्सिस १८५३ पासून होता, एल ग्रेकोचे 'मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलणारा ख्रिस्त' १८९५ पासून, गोयाची दोन्या इसाबेल १८९६ पासून आणि वेलाझ्क्वेझची आरशातली व्हीनस १९०६ पासून. प्रवेशाला पैसे पडत नव्हते, आणि सूझाजवळ तेव्हा ते नव्हतेही.

त्याच गॅलरीत १८८२ पासून असलेल्या एका चित्रापाशी गोव्याच्या माणसाने थांबावे. वेलाझ्क्वेझने १६३१-३२ च्या सुमारास रंगवलेला चौथा फिलिप. तपकिरी पोशाखावर रुपेरी भरतकाम. लांबून पाहिले तर जर चमकते. जवळ गेले की जर नाहीशी होते आणि उरतात नुसते पांढरट रंगाचे तुटक फटकारे, एकमेकांत न मिसळलेले. राजाच्या हातात एक कागद आहे आणि त्यावर अर्जदार म्हणून चित्रकाराने आपलेच नाव घातले आहे: महाराजांचा चित्रकार दिएगो वेलाझ्क्वेझ. वेलाझ्क्वेझने सही केलेली चित्रे फार थोडी, त्यांतले हे एक. हे भरतकाम रंगवले जात होते तेव्हा हाच राजा गोव्याचा राजा होता, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत त्याच्या व्हाइसरॉयने रायबंदरचा पूल बांधला. स्पेनच्या राज्यातून गोव्याला पूल मिळाला. फटकारे पाहायला गोव्याच्या माणसाला तीनशे वर्षांनी लंडनला जावे लागले.

१९५५ हे साल निर्णायक ठरले. फेब्रुवारीत स्टीफन स्पेंडर संपादक असलेल्या 'एन्काउंटर' मासिकात सूझाचा 'निर्वाणा ऑफ अ मॅगट' हा आत्मपर लेख आला. त्याच सुमारास व्हिक्टर मस्ग्रेव्हच्या गॅलरी वनमध्ये प्रदर्शन झाले आणि चित्रे खपली. २५ फेब्रुवारीच्या 'न्यू स्टेट्समन'मध्ये कलासमीक्षक जॉन बर्जरने परीक्षण लिहिले. ते या प्रश्नावरचे समकालीन साक्षीपत्रच आहे. सूझाची चित्रे पाश्चात्त्य कलेतून किती आली आणि भारतीय मंदिरपरंपरेतून किती, हे आपल्याला सांगता येत नाही, असे बर्जर स्पष्ट कबूल करतो. सूझा अनेक परंपरांत पाय रोवून आहे, चाकरी मात्र एकीचीही करत नाही, हा त्याचा निष्कर्ष. ज्या समीक्षकाने चित्रे ओली असताना पाहिली, त्याने 'स्पॅनिश प्रभाव' असा शिक्का मारला नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्याच वर्षीचे 'मिस्टर सेबास्टियन' पाहा. बाणांनी विंधलेला संत सेबास्टियन युरोपने शेकडो वेळा रंगवला, देखणा आणि उघड्या अंगाचा. सूझाचा सेबास्टियन गडद सुटाबुटातला माणूस आहे आणि बाण त्याच्या तोंडात, मानेत घुसलेले आहेत. डोळे कपाळावर चढवलेले, नाक नळीसारखे, गालांवर आडव्या-उभ्या रेघांची जाळी. सूझाची मुंडकी ओळखायची खूण हीच. काही मुंडक्यांना तर दोनाहून अधिक डोळे असतात.

या डोळ्यांचे नाते समीक्षकांनी स्पेनच्या रोमनेस्क चित्रांशी जोडले आहे आणि ते जोडणे डोळसपणाचे आहे. पिरेनीज डोंगरातल्या ताउल गावच्या सांत क्लिमेंत इगर्जीचे अभिमंत्रण ११२३ मध्ये झाले. तिच्या भिंतीवरच्या ख्रिस्ताच्या चेहऱ्याला जाड काळ्या रेघेची चौकट आहे, डोळे वटारलेले आहेत आणि त्याच भिंतीवरच्या कोकराला सात डोळे आहेत. १९१९ ते १९२३ या काळात या प्रदेशातली भित्तिचित्रे भिंतीवरून सोलून बार्सेलोनाला नेली गेली. १९३४ मध्ये तिथे संग्रहालय उघडले आणि त्याच वर्षी पिकासोने ती पाहिली. एल ग्रेको किंवा वेलाझ्क्वेझ यांच्यापेक्षा हा बाराव्या शतकातला अनामिक स्पॅनिश चित्रकार सूझाला अधिक जवळचा वाटतो. दोघांनाही छायाप्रकाशाशी देणेघेणे नाही. दोघांचा भर रेघेवर आहे.

१९५९ ते १९६६

पुढच्या वर्षांत प्रत्येक मोठ्या चित्राशेजारी एक साल ठेवता येते. १९५६ पासून न्यूयॉर्कचे संग्राहक हॅरॉल्ड कोव्हनर यांनी त्याला नियमित पैसे द्यायला सुरुवात केली आणि पोटाची चिंता मिटली. १९५९ मध्ये त्याने 'क्रूसिफिक्शन' रंगवले, माणसाच्या उंचीचे, सुमारे १८३ सेंटिमीटर. १९९३ मध्ये ते टेट गॅलरीने विकत घेतले. काळे अंग, काट्यांसारख्या टोकदार रेघा, करुणेला जागा न देणारा चेहरा. वेलाझ्क्वेझचा ख्रिस्त शांत आहे, त्याचे अर्धे तोंड केसांनी झाकलेले आहे, पाहणाऱ्याला लाज वाटू नये एवढी काळजी घेतलेली आहे. सूझाने ती काळजी काढून टाकली. मोंतान्येसच्या करारातला ख्रिस्त भाविकाला म्हणतो, तुझ्यासाठी सोसतो. सूझाचा ख्रिस्त म्हणतो, तुम्ही हे केलेत.

१९६० च्या उन्हाळ्यात टेटमध्ये पिकासोचे प्रचंड प्रदर्शन भरले, चार लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. १९६२ मध्ये सूझाने 'यंग लेडीज इन बेल्साइझ पार्क' रंगवले. शीर्षकातच पिकासोच्या १९०७ च्या 'आव्हिन्यॉंच्या तरुणीं'ना मारलेला डोळा आहे. बार्सेलोनाच्या गल्लीतल्या बायका उत्तर लंडनच्या बेल्साइझ पार्कमध्ये आल्या. पिकासोने ते चित्र करताना एल ग्रेकोचे 'पाचवी मोहोर उघडताना' पाहिलेले होते. ते पॅरिसमध्ये स्पॅनिश चित्रकार इग्नासियो झुलोआगाच्या घरी होते. म्हणजे दुसऱ्या फिलिपने झिडकारलेल्या एल ग्रेकोचे बोट पिकासोने धरले आणि पिकासोचे साळगावच्या सूझाने. ही साखळी दाखवता येते, कारण तिच्या प्रत्येक कडीला घर, शहर आणि वर्ष आहे.

शेवटची कडी गोयाची. १७९९ मध्ये गोयाने 'काप्रिचोस' हा ८० छापचित्रांचा संच विक्रीला काढला आणि पाद्री, दलाल, जादूटोणा सगळ्यांना सोलून काढले. थोड्याच दिवसांत त्याने तो मागे घेतला. म्हातारपणी, बहिरा झालेल्या गोयाने माद्रिदजवळच्या आपल्या घराच्या भिंतींवर १४ काळी चित्रे रंगवली. ती भिंतींवरून कापडावर उतरवून १८८१ मध्ये प्रादो संग्रहालयाला दिली गेली. सूझाने १९६४-६५ मध्ये काळ्यावर काळा रंग चढवून चित्रे केली आणि १९६६ मध्ये ग्रोव्हनर गॅलरीत मांडली. साम्य एवढ्यावरच थांबते. गोयाच्या काळोखात आकृत्या उजेडाने उमटतात. सूझाच्या काळ्या चित्रात सगळाच रंग काळा, फक्त दाट-विरळ थरांचे उंचवटे. उजेड तिरपा पडेल तसा चेहरा दिसतो, पाहणारा हलला की पुसला जातो. गोयाकडून त्याने धाडस घेतले, युक्ती स्वतःची वापरली.

निवाडा

एक उलटा पुरावाही तपासायला हवा. प्रतिमा तीच, इगर्ज तीच, मग प्रत्येक गोवेकर किरिस्तांव चित्रकार स्पेनकडे वळायला हवा होता. तसे झाले नाही. जुव्यांचा आंजेलो द फोन्सेका, १९०२ चा जन्म, शांतिनिकेतनात गेला, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला आणि त्याने मारियेला लुगडे नेसवले. त्याबद्दल गोव्यात त्याच्यावर टीका झाली. सांग्यात जन्मलेला आंतोनियो झेवियर त्रिंदाद जे. जे.त शिकला आणि 'पूर्वेचा रेम्ब्रां' म्हणून ओळखला गेला, म्हणजे त्याची नाळ लोकांनी हॉलंडशी जोडली. बालपणीचा क्रूस तिघांनीही पाहिला. स्पेनकडे गेला तो एकटा सूझा, कारण संतांच्या छळाच्या गोष्टींना तोडीस तोड चित्रभाषा त्याला त्या लंडनच्या भिंतींवर दिसली आणि त्याने ती ओळखली. ओळख पटायला आधी काही पाहिलेले असावे लागते.

म्हणून निवाडा असा. सूझातला स्पेन ही साठ वर्षांच्या राज्याची देणगी नव्हे. त्या राज्याने गोव्याला एकही वेलाझ्क्वेझ दाखवला नाही. ट्रेंटच्या ठरावाने घडवलेल्या आणि बहुधा स्थानिक हातांनी कोरलेल्या इगर्जीतल्या प्रतिमांनी जमीन तयार केली, मुंबईच्या छापील चित्रांनी चाहूल दिली आणि १९४९ नंतरच्या लंडनने मूळ चित्रे समोर ठेवली. या तिन्हींतली एक जरी वजा केली तर १९५९ चा 'क्रूसिफिक्शन' समजत नाही.

तिन्हींपैकी सर्वांत कमी अभ्यास झाला आहे तो पहिल्या वाटेचा. कोरेयाने ज्याचे नाव दिले नाही तो चित्रकार आणि १५६७ च्या परिषदेने ज्यांना मनाई केली ते कारागीर आपलेच होते. बारदेश-तिसवाडीच्या इगर्जींच्या आणि कोंफ्रारियांच्या, म्हणजे भाविकांच्या मंडळांच्या, जुन्या हिशेबवह्यांत मूर्ती कोणी केली, रंग कोणी दिला, मजुरी किती, असे तपशील असतात. पोर्तुगीज वाचणाऱ्या आमच्या तरुण संशोधकांनी प्रादोच्या सूचीइतक्याच आस्थेने त्या वह्या उघडाव्यात. सूझाचे पहिले शिक्षक तिथे सापडतील.